बावखलांची मोजदाद

निवेदनावर सही करणे ही आपल्या धर्मग्रामांत आता नित्याची गोष्ट झाली आहे. रविवारचे मिस्साबलिदान संपले की चर्चच्या आवारात एखादे टेबल मांडलेले असते, त्यावर कागद असतो आणि ओळखीचा माणूस पेन पुढे करतो. रस्ता, पाणी, मातीचा भराव, विकास आराखडा असे विषय बदलत राहतात. सही मात्र तीच असते. या सह्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली, तेव्हा दहशतीच्या वातावरणातही माणसे घराबाहेर पडली, मोर्चात चालली. आज आपल्या भागात जी काही हिरवळ शिल्लक आहे, तिच्यामागे त्या माणसांचे धैर्य आहे. परंतु सही करणाऱ्याला आणि सही मागणाऱ्याला त्या विषयाची माहिती किती असते, हा प्रश्न गेली काही वर्षे आमच्या मनात घोळत होता. त्या प्रश्नामागे आम्ही दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा चाललो. त्याची ही हकिगत.

जुन्या करारातील नहेम्याची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पर्शियाच्या राजाचा हा प्यालेबरदार आपल्या पूर्वजांचे उद्ध्वस्त नगर पुन्हा उभारण्यासाठी यरुशलेमला आला. आल्याबरोबर त्याने सभा बोलाविली नाही की अधिकाऱ्यांची भेट घेतली नाही. तीन दिवसांनंतर एका रात्री मोजकी माणसे सोबत घेऊन तो कोणालाही न सांगता बाहेर पडला आणि तटाची पडझड व जळालेल्या वेशी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. एका ठिकाणी तर त्याच्या जनावरालाही पुढे जाण्यास वाट नव्हती. हे सारे पाहून झाल्यावरच तो लोकांशी बोलला, आणि लोक कामाला उठले. प्रवचनांतून आपण नहेम्याची प्रार्थना ऐकतो, त्याची बांधकामाची जिद्द ऐकतो. त्याच्या त्या रात्रीच्या पाहणीबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते.

आम्ही ज्या तटाची पाहणी केली तो मातीचा आणि पाण्याचा होता. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाचकांना बावखल म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु हा अंक दूरच्या गावी आणि परदेशीही वाचला जातो, म्हणून थोडे सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खणलेले, उतरत्या कडांचे गोड्या पाण्याचे लहान तळे. आपल्या पूर्वजांनी घर बांधताना जमीन खणली, निघालेल्या मातीने घराचे जोते आणि वाडी उंच केली, आणि जो खड्डा उरला त्यात पावसाचे पाणी साठू दिले. त्यावर रहाट बसविला, पाट काढले, आणि केळी, पानवेल, फुलझाडे व भाजीपाला जगविला. पावसाळ्यात जादा पाणी त्यात उतरे, उन्हाळ्यात तेच पाणी शेजारच्या विहिरींना झऱ्यावाटे पोहोचे. रहाट गेले, पंप आले, नंतर कूपनलिका आल्या. बावखलाकडे पाहण्याची गरज उरली नाही. पाहणे थांबले तसे ते आधी केरकचऱ्याचे आणि पुढे भरावाचे धनी झाले.

२०१८ च्या जुलैत वसई, नालासोपारा आणि विरार यांचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ बुडाले, गाड्यांतील प्रवाशांची सुटका करावी लागली, घरोघर वीज नव्हती. त्यानंतर महानगरपालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांच्या तज्ज्ञांकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करविला. पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवणारे तलाव हवेत, ही सूचना त्यातून पुढे आली. ती वाचून आम्हांला हसावे की रडावे ते कळेना. असे तलाव आमच्या आज्या-पणज्यांनी घरोघर खणून ठेवले होते आणि ते आमच्या डोळ्यांदेखत बुजत होते. गावातील काही मंडळी हेच गाऱ्हाणे घेऊन एका सरकारी कार्यालयात गेली होती. तेथील अधिकाऱ्याने शांतपणे तीन प्रश्न विचारले: किती आहेत? कोठे आहेत? कोणाच्या मालकीची आहेत? मंडळी परत आली. अधिकारी उर्मट होता असे गावात बोलले गेले. आम्हांला मात्र ते तिन्ही प्रश्न रास्त वाटले.

आम्ही नऊ जण जमलो. त्यांत दोन निवृत्त शिक्षक होते, नकाशे काढण्याची नोकरी केलेले एक गृहस्थ होते, एक परिचारिका होती, आणि बाकीची महाविद्यालयात जाणारी मुले. एका मोठ्या नोंदवहीत आम्ही रकाने आखले: आळी, जमीनमालक, लांबी-रुंदी, मे महिन्यातील पाण्याची खोली, शेवटचा गाळ कधी काढला, शेजारच्या विहिरीचे पाणी कसे, आणि बुजविले असल्यास कोणत्या साली व कशासाठी. एक नियम आरंभीच ठरविला. जे स्वतः पाहिले ते शाईने लिहावयाचे, आणि जे ऐकले ते शिसपेनीने. दुसऱ्या दोन माणसांनी स्वतंत्रपणे तेच सांगितले तरच शिसपेनीची नोंद शाईची होणार.

वृद्धांची स्मरणशक्ती हे आमचे पहिले दप्तर. त्यांना सन आठवत नाही, परंतु प्रसंग आठवतो. कोणाचे बावखल थोरल्या मुलीच्या लग्नाआधी बुजले, कोणाचे धाकट्या मुलाच्या पहिल्या ख्रिस्तशरीराच्या वर्षी आटले. मग आम्ही त्या लग्नाचे साल विचारून घेत असू. नव्वदी ओलांडलेल्या एका आजींनी तर काठीने अंगणातच आळीचा नकाशा काढून दाखविला. प्रत्येक बावखलाला नाव होते: कोणते झाडावरून, कोणते मालकाच्या टोपणनावावरून. आमच्यातील मुलगी भराभर लिहून घेत होती. आजी मध्येच थांबल्या आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, "बाय, तू लिहितेस ते बरे आहे. पण ही नावे मोठ्याने म्हण. कितीतरी वर्षांत ती कोणी उच्चारलेली नाहीत." त्या मुलीने ती सारी नावे मोठ्याने वाचली. आजी डोळे मिटून मान हलवीत राहिल्या. त्या यादीतील निम्म्याहून अधिक ठिकाणी आज पाणी नाही.

दुसरे दप्तर सरकारी. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते. बावखलाची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. कोठे ते पोटखराब्यात जमा झालेले, तर कोठे त्याचा मागमूसही नाही. कागदावर जे नव्हतेच ते बुजविल्याची नोंद तरी कोठून असणार? आम्ही माहितीच्या अधिकाराचा आश्रय घेतला. २००५ च्या या कायद्यानुसार दहा रुपये शुल्क भरून कोणाही नागरिकाला अर्ज करता येतो आणि साधारणतः तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. आपल्या राज्यात २०१२ पासून असाही नियम आहे की अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा. मुलांना ही अट जाचक वाटली; आमच्यातील शिक्षकांना ती आवडली. दीडशे शब्दांत प्रश्न मांडावयाचा म्हणजे आपल्याला नेमके काय हवे आहे ते आधी ठरवावे लागते. "बावखले का बुजविली जातात?" याला कोणतेही कार्यालय उत्तर देऊ शकत नाही. "अमुक सर्व्हे क्रमांकात भरावासाठी आणलेल्या मातीचे स्वामित्वधन कोणी व किती भरले?" याला उत्तर द्यावेच लागते, आणि नोंद नसेल, तर नोंद नाही हेच उत्तर आपल्या कामाचे असते. एका कार्यालयाने आमचा अर्ज दुसऱ्याकडे पाठविला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी अपील केल्यावर काही कागद हाती आले. त्यांत पुष्कळ उत्तरे "अभिलेख उपलब्ध नाही" अशीच होती. तीही आम्ही वहीत शाईने लिहिली.

कायदा वाचू लागलो तेव्हा आमचे काही लाडके समज गळून पडले. गावचे तलाव बुजवू नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग खटल्यातील निकाल अनेकांना तोंडपाठ आहे. परंतु तो गावाच्या सामाईक जमिनीसंबंधी आहे. आपली बहुतेक बावखले खाजगी वाडीतली. पाणथळ जागांच्या संरक्षणाचे २०१७ चे नियम आपल्याला तारतील अशी आशा होती. त्या नियमांची व्याख्या वाचली तर सिंचनासाठी माणसाने मुद्दाम खणलेले जलसाठे तिच्यातून वगळलेले आढळले. म्हणजे ज्या दोन दारांवर आपण थाप मारणार होतो ती दोन्ही भिंतीवर रंगविलेली दारे निघाली. तरुण मंडळी खट्टू झाली. परंतु हे आपल्या बैठकीत कळले म्हणून बरे. तेच एखाद्या सुनावणीत समोरच्या वकिलाकडून कळले असते तर आपली सारी मागणीच तेथे विरली असती. मग आम्ही जेथे खरोखर दार आहे तिकडे वळलो. प्रादेशिक नियोजन व नगररचनेच्या १९६६ च्या कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत कोणालाही हरकती व सूचना देता येतात. तेथे भावना नव्हे, सर्व्हे क्रमांक लागतो. आणि सर्व्हे क्रमांक तर आमच्या वहीत होते.

थोडे गणितही केले. समजा एक बावखल पाच आर क्षेत्राचे, म्हणजे पाचशे चौरस मीटरचे आहे आणि त्याची खोली तीन मीटर आहे. सरळ हिशेबाने त्यात पंधरा लाख लिटर पाणी मावते. कडा उतरत्या असतात म्हणून निम्मेच धरू. तरी साडेसात लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजावयाचे तर पंच्याहत्तर टँकर. एवढे पाणी एका भरावाने रस्त्यावर येते, आणि उन्हाळ्यात एवढेच पाणी जमिनीत कमी पडते.

हे कमी पडणे समुद्राकाठी अधिक बाधते. आपल्या रेताड जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके असते. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते खाऱ्या पाण्याला दाबून धरते. वरची पातळी थोडी उतरली की खालून खारेपण कितीतरी पटींनी वर सरकते. टँकरसाठी विहिरी उपसल्या गेल्या तेव्हा त्या मचूळ का झाल्या, याचे उत्तर या साध्या नियमात आहे. आम्ही हातात मावणाऱ्या लहान उपकरणाने विहिरींतील क्षार मोजले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार इष्ट मानले जातात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. जेथे बावखल जिवंत आहे तेथे शेजारच्या विहिरी पुष्कळशा गोड आढळल्या. परंतु सर्वत्र नव्हे. एका आळीत बावखल भरलेले असूनही विहीर मचूळ होती. म्हणून निवेदनात आम्ही "सिद्ध झाले" असे न लिहिता "असे दिसते" असे लिहिले, आणि त्या मचूळ विहिरीचाही उल्लेख केला.

आतापर्यंतचे काम कष्टाचे होते, अवघड नव्हते. खरा अवघड प्रसंग शेवटच्या रकान्याने आणला. कोणी बुजविले व कशासाठी, हा तो रकाना. बांधकाम व्यावसायिकांची नावे तेथे असणार हे सर्वांना ठाऊक होते, आणि ती होतीही. परंतु त्यांच्या बरोबरीने आपलीच कुटुंबे होती. मुलांच्या वाटणीत जागा पुरेना म्हणून कोणी बावखलावर घर बांधले होते. परदेशातून पैसा आल्यावर कोणी बंगल्यापुढे मोटार उभी करण्यासाठी ते बुजविले होते. नातू बुडण्याच्या भीतीने, डासांच्या त्रासाने, गाळ काढणारा मजूर मिळेना म्हणून, अशी किती कारणे! त्यांतील एकही माणूस दुष्ट नव्हता. एका विधवा मावशींनी आम्हांला सरळ विचारले, "पाणी साऱ्या आळीचे, आणि खड्डा माझा एकटीचा, हा कुठला न्याय?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तिचा प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरविला.

हा रकाना निवेदनात घालावा की नाही यावर धर्मग्रामाच्या सभागृहात बैठक झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ उठून म्हणाले, "पोरांनो, तुम्ही विरोधकांच्या हाती कोलीत देत आहात. उद्या ते म्हणतील, आधी तुमचे घर पाहा." त्यांचे म्हणणे उथळ नव्हते. चळवळीत हयात घातलेल्या माणसाची ती काळजी होती. दुसऱ्या एका बाईंनी विचारले, "आणि हे आपण लपविले आणि त्यांनीच शोधून काढले तर? मग आपल्या बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील?" बराच वेळ कोणी बोलले नाही. आमचे प्रमुख धर्मगुरू एवढेच म्हणाले, "फादर म्हणून मी निर्णय देणार नाही. पण संत लूकाने शुभवर्तमान लिहिण्यापूर्वी सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला, असे तो स्वतःच सांगतो. त्याने पेत्राचा नकार गाळला नाही." त्यानंतर ठरले ते असे: कोणत्याही कुटुंबाचे नाव छापावयाचे नाही, परंतु कारणांची वर्गवारी पूर्ण द्यावयाची, आणि त्यांत आपल्या लोकांनी बुजविलेली बावखले वेगळ्या ओळीत दाखवावयाची. ज्येष्ठ गृहस्थांनी त्या निवेदनावर पहिली सही केली.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत ही रीत नवी नाही. बेल्जियममध्ये तरुण कामगारांचे संघटन करणाऱ्या योसेफ कार्डाइन या धर्मगुरूने "पाहा, पारखा, कृती करा" ही त्रिसूत्री रूढ केली. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या "मातेर एत माजिस्त्रा" या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे "लाउदातो सी" पाहिले तर त्याचा पहिला अध्याय उपदेशाचा नाहीच. आपल्या सामाईक घराचे काय चालले आहे याची, त्यांत पाण्याचीही, ती पाहणी आहे. ईश्वरशास्त्र त्यानंतर येते. आपण पुष्कळदा कृतीपासून आरंभ करतो, कारण कृतीत उत्साह असतो आणि पाहण्यात पायपीट. परंतु न पाहता केलेली कृती शेजाऱ्याच्या दुःखापेक्षा आपल्या रागाचीच सेवा अधिक करते, असे आम्हांला या दोन वर्षांत वाटू लागले आहे.

पाहणीने मागणीचे रूपही पालटले. "बावखले वाचवा" एवढीच घोषणा न उरता चार गोष्टी झाल्या. प्रत्येक बावखलाची अधिकृत मोजणी होऊन त्याची नोंद सातबाऱ्यावर आणि विकास आराखड्यात व्हावी. जो मालक ते राखतो त्याला करात सवलत व गाळ काढण्यास साहाय्य मिळावे. मावशींच्या प्रश्नाला तेवढे तरी उत्तर आहे. रस्त्यांखालच्या बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या व्हाव्यात. आणि बुजलेल्या बावखलांच्या जागी जेथे अजून बांधकाम झालेले नाही तेथे ती पुन्हा खणता येतील काय, याची पाहणी व्हावी. निवेदनासोबत नोंदवहीची प्रत आणि नकाशा जोडला. या वेळी अधिकाऱ्याने तेच तीन प्रश्न विचारले, आणि मग वही आपल्याकडे ओढून घेऊन पाऊण तास वाचली. पुढे काय होईल ते सांगवत नाही. फाइल अजून टेबलांवरून फिरते आहे. परंतु दरम्यान आमच्याच आळीतील दोन कुटुंबांनी आपल्या बावखलांतील गाळ स्वतःच्या खर्चाने काढविला, आणि त्यांना कोणी सांगावयास गेले नव्हते. वर्गवारीतील ती वेगळी ओळ त्यांनी वाचली होती.

ज्या धर्मग्रामांत असा एखादा प्रश्न सलत असेल, मग तो पाण्याचा असो, स्मशानभूमीच्या जागेचा, शाळेच्या शिक्षकांचा वा बंद पडलेल्या बसचा असो, त्यांनी सह्यांच्या कागदाआधी एक नोंदवही घ्यावी. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडे जावे. वहीत शाई आणि शिसपेन यांतला भेद पाळावा. आपल्या विरुद्ध जाणारी नोंदही पुसू नये. बावखलांची मोजणी करावयाची असेल तर ती मे महिन्यात करावी, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली असते आणि जे उरलेले असते ते खरे उरलेले असते. आमची वही धर्मग्रामाच्या कचेरीत ठेवली आहे. ती कोणालाही पाहता येते, आणि ज्याला एखाद्या बावखलाचे विसरलेले नाव आठवेल त्याच्यासाठी शेवटची पाने कोरी सोडली आहेत.